ट्रेलरच्या ब्रेकबद्दल मी जे सांगितलं नाही

मी कमी बोलतो. मस्कतमध्ये कुरुमच्या ऑफिसात तो माझा गुण समजला जातो आणि घरी बायको म्हणते, स्वभावच तसा. मी पूर्वी असा नव्हतो. एका शुक्रवारनंतर झालो आणि का झालो ते बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

माझा एक मित्र इथून दीड तासावर, निझव्यात भांड्यांचं दुकान चालवायचा. तो रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा मुसलमान. मी नागपूरचा बौद्ध. त्याला समुद्र जन्मापासून ठाऊक, मला इथे येईपर्यंत फक्त चित्रात. ओळख झाली ती मासे पकडण्याच्या नादातून. पुढे आम्ही भागीदारीत एक जुनी फायबरची बोट घेतली. बोट तो बघायचा आणि ट्रेलर माझ्याकडे, कारण मी इंजिनियर.

ट्रेलरवर मी जीव लावला होता. जुने ब्रेक असे होते की उतारावर ट्रेलर गाडीला ढकलायचा आणि त्या धक्क्यानेच ते लागायचे. लांब उतार आला की घासून घासून तापायचे. ते काढून मी नवी सिस्टीम बसवून घेतली, इलेक्ट्रिक ओव्हर हायड्रॉलिक. ट्रेलरच्या दांड्यावर एक पंप असतो. गाडीत स्टिअरिंगखाली एक छोटा डबा. पायाने ब्रेक दाबला की डबा वायरीतून पंपाला कळवतो, पंप तेलावर दाब आणतो आणि ट्रेलरची चाकं स्वतः थांबतात. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. मित्र म्हणायचा, "इंजिनियर, त्या पंपाशी निकाह लाव एकदाचा, मी साक्षीदार राहतो."

तो डबा माझ्या गाडीत होता. बोट नेहमी माझ्याच गाडीने ओढायचो. मग मी गाडी बदलली. जुनी विकताना डबा काढून ठेवला. नवीत बसवायचा तर डॅशबोर्डखाली भोकं पाडावी लागणार होती. शिवाय मासे आले की सीटला वास, गाडीत वाळू, खारं पाणी. दर आठवड्याला मी म्हणायचो, "पुढच्या शुक्रवारी, सुट्टीला नक्की." तो चिडवायचा, "तुझी गाडी नाय ती, नवी नवरी हाय. हात लावू देत नाय."

त्या शुक्रवारी सकाळी तो स्वतःची पिकअप घेऊन मस्कतला, मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या आमच्या गल्लीत आला. सोबत त्याचा मेहुणा, भाभीचा भाऊ. तिशीचा, नवीनच ओमानला आलेला, दुकानात मदतीला, आणि तोंडाचा फटकळ. सोबत न जाण्यासाठी मी मुलीच्या परीक्षेचं कारण सांगितलं होतं. खरं तर मुलगी झोपली होती.

ट्रेलर पिकअपला मीच जोडला. दिव्यांचा प्लग मीच लावला. मेहुणा मागे उभा राहून ओरडत होता, "डावा लागला. उजवा लागला. लाल लागला. साहेब, ह्याला हॉर्न पण लावा, सासरी गेल्यासारखं वाटेल."

मित्राने मला हळूच विचारलं, "ह्या गाडीत तो डबा नाय. ब्रेकचं काय?"

मला उत्तर माहीत होतं. डबा नाही तर पंपाला काही कळणार नाही. दिवे लागतील, ब्रेक लागणार नाहीत. दोन टनांची बोट उतारावर एकट्या पिकअपच्या ब्रेकवर येईल. हे मला अर्धवट माहीत होतं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. ते खोटं आहे. पूर्ण माहीत होतं. पण नाही म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, मग तुझी गाडी दे. आणि मला गाडी द्यायची नव्हती.

मी म्हणालो, "पंप तर ट्रेलरवरच आहे. दिवे लागतायत ना? चालेल. जरा सावकाश जा."

"इंजिनियर बोलला म्हणजे झालं," तो म्हणाला. मी ट्रेलरवर थाप मारली. "यल्ला, निघा."

यितीच्या किनाऱ्याकडे उतरताना डोंगराचा रस्ता वळणावळणाने खाली येतो. एका वळणावर ट्रेलरने पिकअपला मागून रेटलं आणि आडवं केलं. पिकअप उजव्या बाजूने आधी कठड्यावर आणि मग खडकावर गेली. मेहुणा गेला. मित्राचं खुब्याचं हाड मोडलं.

मी पोचलो तेव्हा पोलीस होते. पिकअपचं तोंड चेपून गेलं होतं, आत काय होतं आणि काय नव्हतं हे कुणाला दिसण्यासारखं राहिलं नव्हतं. अधिकाऱ्याने मला इंग्रजीत विचारलं, ट्रेलरचे ब्रेक कसे होते? मी म्हणालो, नवीन होते, मीच बसवून घेतले. त्यातला शब्दही खोटा नव्हता. उतारावर वेग जास्त, असं ठरलं.

पण हेही माझं सगळ्यात वाईट काम नाही. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मित्र शुद्धीवर होता. त्याने माझं मनगट धरलं.

"मी ब्रेक दाबलेला रे. वळणाच्या आधीच दाबलेला. दाबलेला ना?"

मी काय बोललो ते लिहितो. मी म्हणालो, "अशा वेळी काय लक्षात राहतं? तू पडून राहा."

त्याने मनगट सोडलं. त्यानंतर त्याने तो प्रश्न मला कधी विचारला नाही. आपणच बेफिकीर होतो हे त्याने मान्य करून टाकलं, आणि त्याच्या घरानेही. आईला मुलाचं तोंड दिसावं म्हणून मेहुण्याला गावी नेलं. मित्र अंथरुणावर, म्हणून सोबत मी गेलो. सगळ्यांनी माझे आभार मानले. मित्राच्या सासूने जावयाशी बोलणं टाकलं ते टाकलंच. सुट्टीत तो सासरी जायचा तेव्हा ती आतल्या खोलीतून बाहेर यायची नाही. भाभी नवऱ्याला जेवायला वाढायची, पण समोर बसायची नाही. हे मला सगळं कळत होतं. ईदला मी मिठाईचा डबा घेऊन जायचो आणि परत यायचो. आमच्या घरी वंदना होते तेव्हा चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की माझा आवाज खाली जायचा. बायको म्हणायची, घसा दाखवून घ्या.

मागच्या हिवाळ्यात कळलं, तो दुकान आवरतोय. कायमचा गावी चाललाय, त्याच घराशेजारी राहायला, जिथे सासू त्याचं तोंड बघत नव्हती. मी निझव्याला गेलो. दुपारचं दुकान बंद करायची वेळ होती. तो पातेली एकात एक घालून कागदात गुंडाळत होता.

उभ्या उभ्याच सांगितलं. डबा, नवी गाडी, दिवे, मला माहीत होतं, सगळं. त्याने हातातलं पातेलं गुंडाळून पूर्ण केलं.

"म्हणजे मी दाबलेला," तो म्हणाला.

"हो. तू दाबला होतास."

"आणि तू मला बोललास, काय लक्षात राहतं."

"हो."

मला वाटलं मारेल. त्याने शटर ओढलं, लंगडत गाडीकडे गेला आणि मागे न बघता म्हणाला, "घरी चल. तिला सांग. माझ्यासमोर."

भाभीने पाणी आणून ठेवलं. मी परत सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. मग उठली, आईला फोन लावला, एवढंच म्हणाली, "अम्मा, ह्यांचे दोस्त बोलतायत," आणि फोन माझ्या हातात दिला.

"तूच ना बाबा तो?" पलीकडून म्हातारा आवाज आला. "माझ्या पोराला घरी घेऊन आलेलास. अल्ला तुला सुखात ठेवो. मी रोज दुआ मागते तुझ्यासाठी."

मला तिथे थांबता आलं असतं. भाभी बघत होती. मी म्हणालो, "अम्मा, माझ्यासाठी मागू नका," आणि तिसऱ्यांदा सांगितलं. ब्रेक वगैरे तिला कळले नसतील. एवढंच नीट सांगितलं की जावयाची चूक नव्हती, माझी होती, मला माहीत असून मी त्यांना पाठवलं.

फोनवर पलीकडे कुठेतरी कोंबडी ओरडत होती. मग अम्मा म्हणाली, "जावयाला दे."

मी फोन दिला. त्याने तो कानाला लावला, "बोला अम्मा," म्हणाला आणि भिंतीचा आधार घेत अंगणात गेला. उघड्या दारातून त्याची पाठ दिसत होती. तो ऐकत होता आणि मान हलवत होता. मग खाली पायरीवर बसला.

भाभीने माझ्यासमोरचा पाण्याचा ग्लास उचलला. मी अजून प्यायलो नव्हतो.

"भाई," ती म्हणाली, "तुम्ही आता मागच्या दाराने निघा. त्यांना बोलू दे."