आधी एकटीने, मग साक्षीदार घेऊन

हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाई विभागात तिला सगळे वचनमावशी म्हणत. कुणी उशिरा आलं, कुणी भांडलं, मशीन बंद पडलं, मावशीकडे बायबलमधलं वचन तयार. बायका टिंगल करायच्या, "मावशी, साबण संपलाय, शास्त्रात काही उपाय?"

"आहे. आळशाने मुंगीकडे जावं. तू सध्या स्टोअरकडे जा."

वरच्या मजल्यांवरून गोण्या यायच्या. चादरी, ऑपरेशनचे झगे, रक्ताचं, उलटीचं सगळं. एकवीस वर्षं ते निवडायचं काम मावशीचं. चादरीत राहिलेली सुई तिच्या बोटांना आधी कळायची, डोळ्यांना नंतर. नवरा वारला होता. मुलगी लांब दिलेली, तिचा फोन आला तर आला.

मी तिथे कामगार संघटनेचं काम करायचे. शिकले सातवीपर्यंत, पण माझा अर्ज वाचून वकील विचारायचे, कुणी लिहून दिला?

एके दिवशी दोन नव्या चादरी कमी भरल्या. सुट्टी झाल्यावर मुकादमाने दारातच मावशीची पिशवी उलटी केली आणि चाळीस जणांसमोर म्हणाला, "ओठावर देव आणि हात दुसऱ्याच्या मालावर!" पिशवीतून डबा पडला, चष्म्याचं घर पडलं, छोटं बायबल पडलं. चादर नाही. तरी गडी हटेना. "आज नाही सापडली, एवढंच." आणि हा माणूस मावशीच्याच चर्चचा, पहिल्या बाकावर बसणारा.

मला आयतं कोलीत मिळालं. त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला आणि लिहिताना हात जरा सैल सोडला. पिशवी हिसकावली, अंगाला हात लावला, असं ठोकून दिलं.

"अंगाला हात नाही लावला त्याने," मावशी म्हणाली.

"नुसत्या पिशवीने वरचे लोक हलत नाहीत, मावशी."

"मग नको हलू देत. आणि आधी मला त्याच्याकडे एकटीने जायचंय. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकांतात सांगायचं. नाही ऐकलं तर एकादोघांना साक्षीला न्यायचं. तरी नाही ऐकलं तर मंडळीपुढे, म्हणजे सगळ्या चर्चपुढे मांडायचं. असा क्रम आहे."

"भाऊ? असले भाऊ असल्यावर वैरी कशाला हवेत!"

"भाऊ कुणाला म्हणायचं ते मी ठरवत नाही ना, पोरी."

आमचाही एक नियम होता. मुकादमाच्या केबिनमध्ये एकट्याने जायचं नाही, गेलं तर सगळ्यांनी. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशी एकटीच आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी बाहेर आली. काय झालं विचारलं तर गप्प. एकांतात बोललेलं बाहेर सांगायचं नाही, हाही तिचाच हिशेब. झालं! मावशीने आपल्यापुरतं मिटवून घेतलं, ही बातमी धुतलेल्या गठ्ठ्यांच्या आधी वर पोचली. फितूर हा शब्द पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघाला. अर्ज तसाच माझ्या पिशवीत राहिला.

त्यानंतर पाच महिने मावशीशेजारी कुणी डबा उघडला नाही. ती आली की बाकावरच्या बायका सरकून बसायच्या, जागा देण्यासाठी नव्हे, जागा भरण्यासाठी. ती घड्यांच्या टेबलाशी उभ्यानेच जेवायची. जेवून झालं की एकेकीला विचारायची, "माझ्याबरोबर दहा मिनिटं येशील केबिनमध्ये? बोलू नकोस, नुसतं ऐक." कुणी आलं नाही.

मग ड्रायरचा पट्टा तुटला. मेकॅनिकने मशीन ओढून पुढे घेतलं तर मागे दोन नव्या चादरी, घडीसकट. मुकादमाने त्या मुकाट्याने गठ्ठ्यात घातल्या. मेकॅनिकने हे मला चहा पिताना सांगितलं, पण साक्षीला ये म्हटल्यावर कप ठेवून उठला.

मी तडक मावशीच्या खोलीवर गेले. एक पलंग, एक खुर्ची, दोरीवर एकच टॉवेल. "मी येते साक्षीला," मी म्हणाले.

"तो अर्ज अजून आहे तुझ्याकडे?"

"आहे. मग?"

"खोटं लिहिणारीला साक्षीला कशी नेऊ?"

माझं डोकंच फिरलं. "पाच महिने कुत्रं विचारत नाही तुला, आणि तोरा बघा!"

"म्हणूनच, पोरी. एवढं सोसलं ते असं वाया घालवू?"

मी दार आपटून निघाले. माफी मागायची माझ्या जिभेला सवय नाही. चार दिवसांनी परत गेले, तिच्यासमोर अर्ज फाडला. तिने खुर्ची पुढे केली.

दुसऱ्या दिवशी दोघी केबिनमध्ये गेलो. मुकादम म्हणाला, "सापडल्या ना? झालं गेलं विसरा."

"चाळीस जणांसमोर चोर ठरवलंत. त्यांच्यासमोरच मागे घ्या. मला एवढंच हवंय."

"उद्या ऐकेल का कुणी माझं?" त्याने रजिस्टर उघडलं.

रविवारी मी जन्मात पहिल्यांदा चर्चमध्ये बसले, शेवटच्या बाकावर. सूचना संपल्यावर मावशी उभी राहिली आणि चारपाच वाक्यांत सगळं सांगितलं. मुकादमाने अंगाला हात लावला नाही, हेही आवर्जून सांगितलं. कुणीतरी खोकलं. चर्चचे पाळक म्हणाले, "आपण प्रार्थना करू या." बाहेर पडताना लोक मुकादमाशी हात मिळवत होते. मावशीला मात्र ओल्या फरशीसारखं टाळून जात होते.

"संपला तुझा क्रम?" मी विचारलं.

"एक राहिलंय. मंडळीचंही नाही ऐकलं तर त्याला परका समजायचं."

"सुटलीस! टाक वाळीत."

"परक्यांशी प्रभू येशू कसा वागला? त्यांच्या घरी जाऊन जेवला."

मी कपाळावर हात मारला.

सोमवारी बाकावर बायकांनी तिच्यासाठी जागा केली होती. चादरींचं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. मावशीने हसून मान हलवली आणि डबा घेऊन केबिनमध्ये गेली. काचेतून सगळ्यांना दिसत होतं. ती त्याच्यासमोर बसली, डबा उघडला. त्याने अर्धा खाल्लेला डबा मिटला आणि बाहेर निघून गेला. ती शांतपणे जेवली, टेबल पुसलं, त्याच्या बाजूचंही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवसापासून तो जेवायला बाहेरच जाऊ लागला. मावशी मात्र रोज त्या रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन बसते.

मला हे पटत नाही. चारदा भांडले मी तिच्याशी. शेवटी म्हणाले, "अगं, तो येतच नाही तर कुणासाठी बसतेस?"

"त्याला माहीत आहे मी कुठे बसते ते," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण काढलं.