बंद दाराचं तोरण

तेव्हा मी अंबाजोगाईला कॉलेजात होतो आणि सुट्टीत घरी आलो की खिशात पत्रकांची घडी असायचीच. बाजार खुला झाला होता. देश पुढं चाललाय, असं रेडिओ सांगायचा. दिंद्रुडच्या बाजारात प्लास्टिकची तोरणं आली होती, हिरवीगार, धुऊन वापरायची. आणि आमच्या गल्लीतल्या काकूंचं रेशनकार्ड रद्द झालं होतं.

कारण काय? पडताळणीवाले माघात आले आणि दाराला कुलूप होतं. असणारच. काका-काकू दसरा झाला की ऊसतोडीला जायचे ते पाडव्याच्या सुमाराला परतायचे. वहीत लिहिलं गेलं, ‘घर कायम बंद’. चौकटीवर दसऱ्याची आंब्याची पानं वाळून लोंबत होती, तेवढा पुरावा बास झाला. कार्ड परत मिळेपर्यंत आषाढ उजाडला. देशाचं पोट भरणाऱ्या व्यवस्थेला माणूस कामावर गेलाय की मेलाय, एवढंही विचारावंसं वाटलं नाही.

पुढच्या दसऱ्याला घरी आलो तर काकू पऱ्हाट्यांच्या ढिगापाशी बसलेल्या. सरपणाला रचलेल्या या कापसाच्या वाळक्या झाडांना रिकामी बोंडं तशीच राहतात, लाकडी फुलांसारखी उमललेली. त्या एकेक तोडून टोपल्यात टाकत होत्या.

“काकू, हे कावून?”

“तोरणाला.”

“आंब्याची पानं आणून देतो की.”

“पानं चार दिसात मरतेत. मागल्या साली त्या मेलेल्या पानांनीच माझं नाव खाल्लं. औंदा बी नाव गेलं तर लेकरांला काय घालू?”

मी तावातावानं बोलायला लागलो. तहसीलवर मोर्चा काढू, पत्रक छापू.

“काढ की. आदी ही दोरी धर. ताणून धर, भाषणावानी ढिली सोडू नगं.”

निम्मी बोंडं त्यांनी गेरूत बुडवली, निम्मी चुन्यात. वाळल्यावर अंबाडीच्या दोरीत ओवली. विकतचं काही नाही, सगळं अंगणातलं, आणि दिसायला असं की दुकानातलं प्लास्टिक लाजावं. मधे मधे दोरी सैल राहिली होती. मी आपला शहाणपणानं एकेक सैल जागा ओढून गच्च करत गेलो. काकूंनी हातावर चापट मारली.

“आरं येड्या, ते फासे हायत! ते आवळले तर बाया काय अडकवतील?”

मग कळलं. गल्लीत मागं राहणाऱ्या सहा घरी त्या आधीच सांगून आल्या होत्या. दिवाळीला कुणी झेंडू खोचायचा, येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, ज्वारीचं कणीस, संक्रांतीला बोरांची डहाळी. घर बंद, पण दार चालू. मी सोडवत बसलो ते फासे, दुपारभर. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या हसत होत्या. तिसऱ्या दिवशी गाडीत बिऱ्हाड भरून गेल्या.

माघात मी मुद्दाम गावी आलो. पडताळणीवाले दोघं होते. एकानं कुलूप हलवून पाहिलं आणि वही उघडली. मी आडवा गेलो, हक्क, कायदा, श्रमिक, सगळं काढलं.

“कार्यकर्ते दिसता,” तो म्हणाला. “बाजूला व्हा जरा.”

पेन टेकवता टेकवता त्याची नजर वर गेली. “हा बेल ताजा दिसतो. कुणी लावला?”

“म्या,” समोरच्या दारातून आवाज आला. “कालच शिवरात्र न्हाई का झाली?”

“आणि हे कणीस?”

“ते माझं. चिमण्यांनी निम्मं खाल्लं, त्याला मी काय करू?” दुसरी बाहेर आली. तिच्यामागं आणखी तिघी आल्या.

“बंद घराला तोरण कशाला लावता, बाई?”

“बंद कुठं हाय? मालकीण कामाला गेलीय. साहेब, तुमी आता हितं आलाव. तिकडं तुमच्या घराला कुलूप असंल तर तुमचं बी नाव खोडायचं का?”

दुसरा पडताळणीवाला फिस्सकन हसला. वहीत लिहिलं गेलं, ‘राहतात. हंगामी कामासाठी बाहेर.’ मी ते त्याला दोनदा वाचायला लावलं.

घामाच्या माणसाला आपण जिवंत असल्याचं दाराला टांगून दाखवावं लागतं, याची चीड मला आजही आहे. पण त्या बाईपुढं मी मान झुकवतो. दोन वर्षं मी पत्रकं लिहीत होतो. एकाही पत्रकानं गल्ली अशी दारात उभी केली नव्हती.

पाडव्याच्या आधी गाडी आली. काकू उतरल्या तशी मी धावत जाऊन सांगितलं, “काकू, नाव राहिलं! पाच बाया भांडल्या तुमच्यासाठी.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग एकदम उघडले.

“पाचच? सहावी कुठं गेलती?”

आणि डोक्यावरचं बोचकं न उतरवता त्या तिचं दार ठोठावायला निघाल्या.