गुहेत सांडलेले शेंगदाणे

माणूस मी एका नजरेत ओळखतो. आयसेलिनच्या ज्या हॉटेलात मी पोळ्या लाटतो, तिथल्या नव्या मालकाला पहिल्याच दिवशी मी पोऱ्या समजून भांडी घासायला लावली होती.

तर बायकोनं वेस्ट व्हर्जिनियातली एक गुहा बुक केली. चुनखडीचा डोंगर, आत नुसता चिखल आणि अंधार, वर आम्हीच पैसे द्यायचे. गाईड म्हणजे सत्तरीची गोरी आजी. ती पुढे, मधे मी, मागे बायको. आजीनं आधी इंग्लिशमध्ये बरंच काही सांगितलं. मी मान हलवली.

आत गेल्यावर मला डाउट आला. दर फाट्यावर आजी थांबायची, बत्ती मागे फिरवायची, निरखून बघायची, मग पुढे.

"हिला रस्ता माहीत नाही," मी म्हणालो.

"अहो, तिचं आयुष्य गेलंय इथे."

"मग सारखं मागे काय बघते? कोण येतंय मागून?"

"मी येतेय. चला."

मी कसला ऐकतो. खिशात भाजलेले शेंगदाणे होते. दर फाट्यावर गुपचूप दोन-दोन टाकत गेलो. म्हटलं, आजी चुकली तर बायकोला मीच बाहेर काढणार.

परत फिरलो. एका फाट्यावर आजी न थांबता डावीकडे वळली. मला पक्कं आठवत होतं, आपण उजवीकडून आलो. खाली बघितलं, शेंगदाणा नाही. उजवीकडेही नाही. आजी चुकली, आता मेलो! बायकोला ओरडून सांगितलं, "माझ्या मागे ये!" आणि उजवीकडच्या भोकात घुसलो. डोकं गेलं, खांदे गेले, पोट राहिलं. ना पुढे, ना मागे. श्वास घेतला की दगड आणखी आवळायचा. मी देवाचं नाव घ्यायला लागलो.

आजीनं बूट धरून मला बाहेर ओढलं. शर्ट आतच राहिला असता, थोडक्यात वाचला.

"माझे शेंगदाणे कुठे गेले?" मी विचारलं.

बायकोनं खिशातून मूठभर चिखलानं माखलेले दाणे काढले. "आत काही टाकायचं नाही, सांगितलं होतं तिनं. मला वाटलं, घरी सांडता तसे इथेही सांडताय."

"आणि ही मागे काय बघत होती?"

बायकोनं आजीला विचारलं, ऐकून घेतलं, मग माझ्याकडे वळली.

"परतताना गुहा वेगळी दिसते, म्हणून ती परतीची वाट बघून ठेवत होती. तुम्ही नुसतं तिच्या तोंडाकडे बघत होतात. आता तोंड मिटा आणि तिच्या मागे चला."