घोळीला इथे बेल्द्रुएगा म्हणतात

परतूर स्टेशनवर माय रडली नाही. "जल्दी चढ, जागा धर. पोरीकडं मी बघते," एवढंच म्हणाली. नवरा वारल्यावर मी पोर्तुगालला निघाले होते, फळांच्या शेतावर मजुरीला. भावकीतल्या बायका कुजबुजल्या, "खुरपायलाच जायचं, तर एवढ्या लांब कशाला?"

खरंच खुरपायलाच आले. पहिल्याच आठवड्यात रास्पबेरीच्या ओळीत घोळ दिसली. तीच लालसर देठं, तीच जाड पानं. आपल्याकडे खुरपणात निघालेली भाजी खुरपणारणीची. मालकही हात लावत नाही. तशीच मी पिशवीत भरली. मुकादमाला वाटलं, फळं चोरली. सगळ्यांसमोर पिशवी ओतायला लावली. निघालं तण. सगळे हसले.

शेजारच्या ओळीतली म्हातारी दोना इनेस हसली नाही. खाली बसून भाजी गोळा करत म्हणाली, "बेल्द्रुएगा." मग हातवाऱ्यांनी सांगितलं: लसूण, बटाटा, वरून अंडं फोडायचं, पावावर ओतायचं. गरिबांचं सूप. मीही हातानेच सांगितलं: डाळ, लसणाची फोडणी, भाकर. बेल्द्रुएगा हा माझा पहिला पोर्तुगीज शब्द. आता बाजारात तोच आधी तोंडात येतो. घोळ म्हणायला इथे कुणी नाही.

यंदा श्रावणात माय गेली. माझं राहण्याचं कार्ड नूतनीकरणात अडकलेलं. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं, आणि वसतिगृहातल्या मुलीचं शिक्षण माझ्याच मजुरीवर, अजून अर्ध्यावर. गेले नाही. तेराव्याला मायच्या पानावर तिच्या आवडीची घोळ वाढा, असं भावजयीला फोनवर सांगितलं.

"कुठून आणू, ताई? सोयाबीनमधी तणनाशक मारतेत. बांधावर बी न्हाई राह्यली. मेथी करू का?"

"कर."

"तिकडं भेटते का?"

"ढिगानं."

"मंग तुम्हीच वाढा तिकडं."

वाढलं. ज्वारी मिळत नाही, मक्याची भाकर थापली. पान मायच्या नावानं बाहेर ठेवलं, दुसरं दोना इनेसला दिलं. ती बोटं चाटून जेवली.

कार्ड हाती आलं की परतूरला जाईन. आता ते भावाचं घर. आधी फोन करून विचारीन, येऊ का. मायला असं कधी विचारावं लागलं नव्हतं.