लाकडाला ऊन दाखवू नये

माझ्या दोघा नातवंडांनो,

हे मी मराठीत लिहिते आहे. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं हे खरं, पण लाकडाची गोष्ट मला इंग्रजीत सांगायला जमत नाही. ती जिथं घडली तिथले शब्द मागते. सावकाश वाचा. अडलं तर आईला विचारा, बाबांना नको. का नको, ते आधी सांगते.

मे महिन्यात तुम्ही इकडं येणार. गाडीतून उतरलात की तुमची नजर आधी फाटकाकडं जाईल, आणि तिथं कडुलिंबाचं झाड नसेल. बाबांनी तुम्हाला सांगितलं आहे की रस्ता रुंद करताना ते मुळासकट उचलून दुसरीकडं लावलं. तसं झालं नाही. ते कापलं. तुम्ही रडाल म्हणून बाबांनी ती थाप मारली, आणि मी वर्षभर फोनवर गप्प बसले. पण फाटकाशी उभं राहून तुम्ही मला विचारणार, "आजी, ते कुठं लावलंय? चल, बघायला जाऊ." तेव्हा मी तुम्हाला कुठं नेणार? म्हणून आताच लिहून टाकते.

गेल्या मार्चमध्ये झाड पाडलं. कापायला आलेल्या माणसांना तुमच्या आजोबांनी चहा दिला आणि खोडाचे चार ओंडके मागून घेतले. प्रत्येक ओंडका आपल्या पिठाच्या डब्याएवढा. बाकीचं झाड ट्रॅक्टरमधून गेलं. तुमचा झोका ज्या फांदीला होता, तीही गेली.

ओंडके अंगणात उभे राहिले तेव्हा मी ठरवलं की यातून तुमच्या हातात देता येईल अशी एक तरी वस्तू काढायची. स्टूल नको, पाट नको. वाडगा. दोन्ही हातांत धरता येईल असा. आपल्या घरी वाडग्याला मान आहे. भंतेजी येतात तेव्हा आपण त्यांच्या पात्रात आधी वाढतो, मग घरचे जेवतात, हे तुम्हाला माहीत आहे.

आजोबांना हे फार सोपं वाटलं. ते चिकलठाण्याच्या कारखान्यात लेथवर होते. त्यांचा सगळा जन्म लोखंड सोलण्यात गेला.

"मॅडम," ते म्हणाले (मला ते चिडवताना मॅडम म्हणतात), "जिथं पोलाद ऐकतं तिथं लिंब काय करील? सुकू द्या लाकूड, दोन तासांचं काम आहे."

सुकवायचं काम मी घेतलं. एप्रिल होता. गच्चीवर माझ्या कुरडया वाळत होत्या. आपल्याकडं एप्रिलमध्ये जे सुकवायचं ते गच्चीवर जातं: कुरडया, सांडगे, पापड, मिरच्या, धुतलेल्या गोधड्या. ओंडकेही गेले. तीन गेले, चौथा जिन्यात चढवताना आजोबांच्या कमरेत चमक भरली, म्हणून तो खालीच मोरीजवळ राहिला. मी ओंडक्यांवर खडूने खुणा केल्या आणि कुरडया उलटताना तेही उलटत गेले, सगळीकडून सारखं ऊन लागावं म्हणून. मला तेव्हा फार समाधान वाटत होतं.

एका दुपारी आम्ही जेवत असताना वरून आवाज आला. फट. टायर फुटावा तसा. थोड्या वेळाने पुन्हा. वर जाऊन पाहिलं तर ओंडक्यांच्या तोंडावर मधल्या ठिपक्यापासून कडेपर्यंत भेगा गेल्या होत्या. एकीत माझं बोट शिरलं. संध्याकाळपर्यंत तिन्ही गेले.

आजोबांनी खिशातली पट्टी काढून भेग मोजली. मग म्हणाले, "लोखंडाला असलं काही होत नाही."

शहागंजच्या मागच्या गल्लीत एक खरादी आहेत. पलंगाचे पाय, पाळण्याच्या दांड्या, पोळपाट असं लाकडाचं गोल काम करतात. आजोबांपेक्षा थोडे लहान, मेंदी लावलेली दाढी, आणि स्वतःबद्दल उत्तम मत. आम्ही दोघं गेलो. मी फुटलेल्या ओंडक्याचा फोटो दाखवला.

"छत पे सुखाए?"

"हो."

"अम्मा, लकडी है. पापड नहीं."

दुकानातली सगळी हसली. आजोबा सगळ्यात मोठ्याने.

मग खरादींनी विचारलं की काही उरलं आहे का. मी मोरीजवळच्या ओंडक्याबद्दल सांगितलं. आजोबा रोज त्यावर बसून पाय धुतात, त्यामुळे तो कायम ओला असतो, शेवाळलाही आहे.

"वहीच बचेगा," ते म्हणाले. "उसको धूप नक्को दिखाओ. सुखाना हमारा काम नहीं, पहले गीली लकडी का बर्तन बनाओ, बाद में वो खुद सूखता. और बीच का दिल निकाल देना. फटता तो वहीं से फटता." लाकडाच्या मधोमध जो बारीक गाभा असतो त्याला ते दिल म्हणतात. ओंडका उभा चिरायचा, गाभा काढून टाकायचा, आणि जो निम्मा भाग चांगला राहील त्यातून वाडगा कोरायचा.

त्यांनीच तो बनवून द्यावा, असं आजोबांनी सुचवलं. मी नको म्हणाले. तुमच्यासाठीची वस्तू मला माझ्या हाताने करायची होती. खरादींनी माझ्या हातांकडं पाहिलं, उलटसुलट करून, भाजी निवडावी तसं. "हौ, होता," ते म्हणाले. "पर पहले लाटने बनाओ. बहोत सारे."

यंत्र कोणतं घ्यायचं यावर आमच्या घरात पावसाळाभर वाद झाला. आजोबांना त्यांच्या जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमधलं लोखंडाचं लेथ हवं होतं, हत्तीसारखं. मी फोनवर एक छोटं, निळं, चकाकणारं यंत्र पाहून ठेवलं होतं. त्याबरोबर डझनभर पटाश्या पेटीत मिळत होत्या. खरादींनी दोन्ही मोडीत काढली. साहेबांचं यंत्र लोखंडासाठी, त्यात पटाशी शिकंज्यात अडकवतात. लाकडावर पटाशी हातात धरावी लागते. माझं यंत्र हलकं, ओला ओंडका लावला की टेबलासकट नाचेल. वजन बघा, ते म्हणाले. लाकूड फिरायला पोटात जागा किती आहे ते बघा. वेग अगदी कमी करता येतो का ते बघा. "और इत्ते हत्यारां कायको? दो लो. बाकी पैसे का धार लगाने का पत्थर लो. और मुंह पे जाली." म्हणजे चेहरा झाकणारं ते पारदर्शक कवच.

"पटाशी हातात धरायची," आजोबा म्हणाले, "आणि हात कशात धरायचा?"

"हाथ कमर में, साहब. हाथ नहीं हिलता, आदमी हिलता."

शेवटी आम्ही बिडाच्या म्हणजे ओतीव लोखंडाच्या बैठकीचं, मधल्या आकाराचं, वेग कमी-जास्त करता येणारं यंत्र घेतलं आणि जुन्या ओट्याचा कडप्पा मागच्या पडवीत मांडून त्यावर बसवलं. खाली वाळूची पोती. तुम्हाला फोनवर माझ्या मागं जे दिसलं आणि तुम्ही ज्याला शिवणयंत्र म्हणालात, ते हेच.

खरादींनी आणखी एक अट घातली. त्यांच्या उस्तादांची रीत होती की नवा माणूस यंत्राला हात लावण्याआधी वेरूळचं सुतारलेणं बघून यायचा. त्यांनी मलाही पाठवलं. मला हसू आलं. वेरूळला आम्ही किती वेळा गेलो आहोत. त्या लेण्यात मी लग्नानंतरच्या पहिल्या बुद्धपौर्णिमेला वंदना केली आहे. तरी गेलो.

पिलांनो, मी ते लेणं तोवर पाहिलंच नव्हतं. मी बुद्धमूर्ती पाहून हात जोडून परत येत होते. त्या दिवशी मी मान वर केली. छताला वासे आहेत. एकापुढं एक वाकवलेले, कमानदार लाकडी वासे, घराला असतात तसे, फक्त ते लाकडाचे नाहीत. अख्खा डोंगर आतून कोरत कोरत माणसं गेली आणि दगडातून त्यांनी वासे शिल्लक ठेवले. त्या वाशांवर कशाचाही भार नाही. सुतारांनी जे लाकडात केलं होतं ते त्यांना दगडातही दिसावंसं वाटलं, एवढंच कारण असेल.

मग मी मूर्तीच्या मागं गेले, प्रदक्षिणेच्या वाटेवर. तिथं अंधार असतो, आणि ज्यावर ती मूर्ती कोरली आहे त्या स्तूपाची पाठ असते. गोल. मी भिंतीकडच्या बाजूने सावकाश चालत त्याची कडा बघत होते आणि मला एकदम कळलं की हे गोल करणाऱ्याजवळ फिरणारं काही नव्हतं. माझ्या घरी लाकूड फिरणार आणि मी उभी राहणार. इथं दगड उभा राहिला आणि माणूस फिरला. छिन्नी घेऊन, तेलाच्या उजेडात, त्याच्याभोवती फिरत राहिला, गोल होईपर्यंत. माझ्या पायांखाली त्याची वाट होती.  मी खाली बसले. आजोबांना वाटलं मला चक्कर आली. ते पाण्याची बाटली उघडून उभे राहिले आणि मला पाणी पाजूनच हलले.

आल्यावर लाटणी सुरू केली. बाभळीची, आंब्याची, जी फांदी मिळेल तिची. पहिल्या दिवशी पटाशी लाकडात अशी रुतली की माझे दोन्ही हात झिणझिणले. आजोबा म्हणाले, सरा बाजूला. त्यांनी पटाशीला लोखंडी पट्ट्या बांधून शिकंजा तयार केला, जाडी मोजायचं व्हर्निअर काढलं, चष्मा पुसला. लाकडाचा धागा उपटून निघाला आणि लाटण्याला दाढी आली. तीन दिवस त्यांनी शिकंजा बदलला. चौथ्या दिवशी गुपचूप सोडून ठेवला.

"हे यंत्र नाही," ते म्हणाले. "बैल आहे."

मला मात्र हळूहळू जमू लागलं. पटाशीची धार लाकडावर एकदम टेकवायची नाही. आधी तिची पाठ टेकवायची, ती नुसती घासू द्यायची, मग मूठ जराशी उचलायची. तेव्हा धार आपली आपण लाकूड शोधते आणि शेवयांसारखी साल सुटते. हात नाही, कमर. ज्या दिवशी हे पहिल्यांदा झालं त्या दिवशी मी यंत्र बंद करून नुसती त्या सालीकडं बघत राहिले. तिच्यातून उजेड दिसत होता. शेजारणींना मी लाटणी वाटली. एक म्हणाली, "ताई, तुमच्या लाटण्यानं पोळी चौकोनी होतीय, पण लई मजबूत आहे बरं का."

जानेवारीत ओंडका मोरीतून काढला. चिरून गाभा काढला. एक निम्मा भाग सडका निघाला. उरलेला एकच. तो आम्ही यंत्रावर चढवला. आजोबा बटणावर हात ठेवून उभे राहिले. ती जागा त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली नसती.

ओलं लाकूड कापताना पाण्याचे शिंतोडे उडतात. तोंडाला कडू लागलं. फडकं बांधलं होतं तरी कडू. त्या दिवशी चहा कडू, भाकरी कडू, आजोबा म्हणाले तुझं बोलणंही. ओंडका बाहेरून पांढरट, आत विटेसारखा तांबडा, आणि शेवाळलेल्या बाजूने काळ्या रेघा, पेन्सिलीने ओढल्यासारख्या. ज्या झाडाखाली मी एवढी वर्षं बसले त्याच्या आत हा रंग होता, आणि तो कुणीही कधी पाहिला नव्हता. मी पहिलीच.

बाहेरचा आकार झाला. मग पोट कोरायला घेतलं. दुपारी आवाज बदलला. गुणगुण चालू होती ती टकटक झाली. आजोबांनी बटण दाबलं. तळाशी केसाएवढी भेग होती.

आता दोनच वाटा होत्या. आणखी खोल कोरलं तर भेग निघून जाईल, पण तळ पातळ होऊन पटाशी आरपार जाऊ शकते. थांबलं तर भेग राहील आणि सुकताना ती कडेपर्यंत फाटू शकते. दुसरा ओंडका नव्हता. मला खोल जायचं होतं. मला तळ स्वच्छ हवा होता. आजोबांनी त्यांचं व्हर्निअर आणलं, तळ आतून बाहेरून मोजला, आणि त्यांचा आवाज वेगळाच झाला.

"थांब. लोखंड असतं तर मी जा म्हणालो असतो. याचं मला कळत नाही. थांब."

त्या माणसाला लेथबद्दल ‘मला कळत नाही’ असं म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. मी पटाशी खाली ठेवली.

खरादींनी सांगितल्याप्रमाणे वाडगा त्याच्याच सालींत पुरला, कागदी पिशवीत घालून धान्याच्या कोठीमागं ठेवला, आणि मी तो उघडून बघायचा नाही असं आजोबांना वचन दिलं. त्यांनी दिलं नव्हतं. त्यांच्या बोटांना साल चिकटलेली मी दोनदा पाहिली.

काल पिशवी उघडली. लाकूड सुकताना एका अंगाने आत ओढलं गेलं आहे, त्यामुळे वाडगा गोल राहिला नाही, जरा लांबट झाला आहे. त्यात पाणी ओतलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी खालचा कागद कोरडा होता.

तर झाड नाही. ते कुठंही लावलेलं नाही; फाटकाजवळ त्याच्या जागी रस्ता आहे. तीन ओंडके जळणात गेले. चौथ्यातून एक वाडगा राहिला आहे. त्याच्या तळाशी भेग आहे, आणि ती वाढलेली नाही.