शब्दाचं गाव

औशात माझं मेडिकल आहे. दुकानासमोरच्या बाकावर रोज सकाळी सूर्यवंशी सर येऊन बसायचे. हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. मलाही त्यांनीच शिकवलं. कुणी इंग्रजी शब्द विचारला की त्यांची कळी खुलायची. "हॉटेल अन् हॉस्पिटल सख्खे भाऊ हायेत," ते म्हणायचे. "दोघांचं काम एकच, पाव्हण्याला ठेवून घ्यायचं. कुणाकडं उतरायचं ते आपलं नशीब." आणि स्वतःच खो खो हसायचे.

पण बाकावर येणारे बहुतेक लोक हसण्याच्या मनःस्थितीत नसत. लातूरला तपासणी करून, रिपोर्टची पिशवी छातीशी धरून एसटीतून उतरायचे ते थेट सरांकडे. डॉक्टरांना पुन्हा विचारायची हिंमत नसायची. सुरुवातीला सर अर्थ सरळ सांगून टाकत. एकदा तो ऐकून एक बाई माझ्या पायरीवरच कोसळली. तेव्हापासून त्यांनी रीत बदलली. शब्द वाईट असला की आधी माणसाला बसवायचे, तो शब्द कोणत्या मुलखातून आला ते सांगायचे आणि मग अर्थाकडे वळायचे. "अर्थ एकदम अंगावर टाकू न्हाई, बालाजी. ऐकणाऱ्याला जरा दम घेऊ द्यावा."

हेतू चांगला, पण झालं भलतंच. साऱ्या तालुक्याला खूण कळली. सर "काही न्हाई, जा घरी" म्हणाले तर सुटलो. "बसा, ह्या शब्दाचं गाव सांगतो" म्हणाले की संपलं. चांगल्या धडधाकट माणसांचे चेहरे त्या एका वाक्याने उतरलेले मी पाहिलेत. मला स्वतःला त्या वाक्याची धास्ती बसली होती.

निलंग्याकडचा एकजण वडिलांच्या पायाचा रिपोर्ट घेऊन आला. सरांनी कागद पाहिला. "बसा. गँगरीन. हा मूळचा ग्रीक लोकांचा शब्द. कुरतडत जाणारी जखम…"

त्याने हात जोडले. "सर, गाव नका सांगू. आबाचा पाय राहतो का तेवढं सांगा."

"ते डॉक्टर सांगतील. मला निस्ता शब्द कळतो. पण घरी जाऊ नका, आत्ताच्या आत्ता त्यांना घेऊन लातूर गाठा."

तो पळतच गेला. सरांचा चहा तसाच गार झाला.

गेल्या उन्हाळ्यात सुमनकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, एसटीतून उतरल्या आणि घरी न जाता बाकाशी येऊन उभ्या राहिल्या. बहिणीकडे जाते असं सांगून त्या लातूरला गेल्या होत्या. हातात तसलीच रिपोर्टची पिशवी. सरांनी कागद वाचला, घडी घातली आणि घाईने म्हणाले, "काही न्हाई. सूज हाय. चल घरी."

काकू हलल्या नाहीत. "साऱ्या दुनियेला गाव सांगताव. मला न्हाई सांगत? मी परकी हाय का?"

सरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग काकू आपणच बाकावर बसल्या आणि सरांनी सांगायला सुरुवात केली. ग्रीक वैद्यांनी अशी गाठ पाहिली, तिच्याभोवती फुगलेल्या शिरा पाहिल्या आणि तिला खेकड्याचं नाव दिलं; त्याचंच पुढं लॅटिनमध्ये कॅन्सर झालं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"मग? हा खेकडा सोडवता येतो का?"

"लवकर गेलं तर."

"मग सूज हाय म्हणून मला घरी कशाला नेत होताव?"

सर कागद पुन्हा पिशवीत घालून उठले.

दुसऱ्या दिवशी ती दोघं उपचारांसाठी हैदराबादला निघाली. मी स्टँडवर सोडायला गेलो. दोघांना एकत्र पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. काकू खिडकीशी बसल्या होत्या, सर खाली उभे होते. तेवढ्यात कंधारचा एक म्हातारा पिशवी सांभाळत आला. "सर, लेकीचा रिपोर्ट हाय. एवढा एकच शब्द…"

सरांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला येत न्हाई. दुसऱ्या कुणाला विचारा."

म्हातारा वळला. खिडकीतून काकू कडाडल्या, "ओ बाबा, थांबा! खोटं बोलतेत ते. येतंय त्यांना सगळं." मग सरांकडे पाहून म्हणाल्या, "सांगा त्यांना. गाडीला अजून वेळ हाय."

सरांनी म्हाताऱ्याच्या हातातला कागद घेतला.