पहिला नंबर कारखान्याचा

मोटारीच्या शर्यतीत एकट्याने धावून दुसरा नंबर पटकावणारा माणूस अख्ख्या भूतलावर एकच, तो म्हणजे आमच्या आत्याचे यजमान. हुबळीच्या गोकुळ रोडला त्यांचं गॅरेज. साठ सालाच्या सुमारास कुठल्याशा जुन्या इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं, की परदेशी कारखाने दुकानात विकतात तसलीच गाडी चोवीस तासांच्या शर्यतीत उतरवतात आणि सोबत स्वतःचा संघही पाठवतात. झालं! दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आतोबा आपली काळी मोटार काढून सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत हुबळी-धारवाड फेऱ्या मारू लागले. प्रतिस्पर्धी कुणी नव्हताच. तरी पहिला नंबर ते आपली मोटार बनवणाऱ्या कारखान्यासाठी राखून ठेवत आणि तसं पत्राने कळवत, "आपला संघ आला नाही, तरी मान आपलाच." कारखाना मान आणि पत्र दोन्ही गिळून गप्प बसे.

नियम मात्र कडक. गाडी गिऱ्हाइकाला मिळते तशीच हवी आणि प्रत्येक सीटवर माणसाचं वजन हवं. म्हणून शेजारी आत्या, मागे मी आणि ज्वारीचं पोतं. "अण्णा, मागची सीट काढू या, हलकी पळंल," असं एका मेस्त्रीने सुचवलं, तर आतोबा आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. "ह्यांच्या लेखी मी अन् पोतं सारखंच," असं म्हणत आत्या पहाटे उठून भाकऱ्या बांधून घ्यायची. नवलूरजवळच्या चढाला दर फेरीत तिचं ठरलेलं, "हळू की हो! कोण मागं लागलंय?"

"कारखाना!" आतोबा गुरकावत.

आत्या गेली, त्याच वर्षी कारखान्याचं उत्तर आलं. आमचे साहेब येत आहेत, गाडी दिवसभर टिकली तर पुढल्या वर्षी संघ पाठवू. आतोबांनी आत्याच्या सीटवर तिच्या वजनाचं दुसरं पोतं भरून बसवलं. साहेब घड्याळ घेऊन गॅरेजात बसले. पहिली फेरी झकास झाली. दुसऱ्या फेरीत नवलूरच्या चढाला आतोबांनी सवयीने शेजारी पाहिलं, वेग आपणहून कमी केला आणि गाडी माघारी वळवली.

"गाडी बिघडली का?" साहेबांनी विचारलं.

"गाडी ठणठणीत हाय, साहेब. वजन बी नियमाप्रमाणं हाय," आतोबा पोत्यावर हात ठेवून म्हणाले. "हळू म्हणणारं माणूस नाही."

साहेब संध्याकाळच्या गाडीने गेले, संघ काही कधी आला नाही. आतोबांनी मात्र नेमाने कारखान्याला पत्र धाडलं. त्यात पहिल्या नंबरापुढे, पहिल्यांदाच, आत्याचं नाव होतं.